तळ्याचें पाणी आणि आकाशांतला साक्षी

सन २०२० चा ज्येष्ठ महिना होता. टाळेबंदीमुळें माणसें आपापल्या घरांत बसून होतीं, देवळांचे दरवाजे बंद होते, आणि बाहेरची वार्ता म्हणून जी येई ती भ्रमणध्वनीवरूनच येई. अशा एका सकाळीं आमच्या रिसोडास बातमी आली कीं, लोणारच्या सरोवराचें पाणी गुलाबी झालें. लोणार आम्हांपासून दूर नाहीं. जिल्हा वेगळा, आमचा वाशिम आणि त्यांचा बुलढाणा. परंतु सरळ रेषेनें मोजलें तर अंतर तीस किलोमीटरांच्या आंतलेंच, आणि दोन्ही गांवें जवळजवळ एकाच अक्षांशावर. आमच्या घरांतील वडीलधाऱ्या बायका कमळजादेवीच्या दर्शनास त्या विवरांत उतरून आलेल्या. तेथील हिरवें पाणी त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें. तें गुलाबी झालें म्हणजे काय झालें, हाच प्रश्न त्या दिवशीं ज्याच्या त्याच्या तोंडीं होता.

उत्तरेंही तयार होतीं. लवणासुराची कथा आमच्या भागांत पोरासोरांस ठाऊक आहे. भगवान विष्णूंनीं त्या दैत्यास मारिलें. सरोवराचें पाणी तें त्याचें रक्त आणि त्यांतील क्षार तें त्याचें मांस, असें लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. तेव्हां कोणी म्हणालें, असुराचें रक्त वर आलें. कोणी म्हणालें, महामारीचें हें चिन्ह. कोणाच्या मतें एखाद्या वात्रट माणसानें रंग टाकला असावा. तारखेविषयींही एकमत नव्हतें. एक म्हणे, रंग कालच पालटला. दुसरा म्हणे, पंधरवडा होऊन गेला. आम्हीं पस्तीस वर्षें मुलांस शिकविलें. पण त्या दिवशीं कोणाचेंही म्हणणें आम्हांस खोडतां आलें नाहीं, कारण आम्हांस स्वतःसच कांहीं ठाऊक नव्हतें.

पुढें जें कळलें तें असें. आम्ही घरीं बसून तर्क करीत होतों त्याच दिवसांत एक साक्षीदार सरोवराच्या माथ्यावरून जाऊन आला होता. अमेरिकेनें ११ फेब्रुवारी २०१३ रोजीं सोडलेला ‘लँडसॅट-८’ नांवाचा उपग्रह सुमारें ७०५ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीचीं चित्रें घेत फिरत असतो. त्यानें २५ मे २०२० रोजीं घेतलेलें लोणारचें चित्र आणि १० जून २०२० रोजीं घेतलेलें चित्र, हीं दोन्ही ‘नासा’ या अमेरिकन संस्थेनें शेजारीं शेजारीं ठेवून प्रसिद्ध केलीं. पहिल्या चित्रांत हिरवें वर्तुळ, दुसऱ्यांत गुलाबी. या साक्षीदारास असुराची कथा ठाऊक नव्हती कीं महामारीची भीति नव्हती. त्यानें एवढेंच सांगितलें कीं, २५ मे रोजीं हा रंग नव्हता व १० जून रोजीं तो आहे. गांवच्या बोलण्यांत जें सांपडत नव्हतें तें, म्हणजे तारीख, त्यानें बिनचूक दिली.

या साक्षीदाराविषयींच आज वाचकांस चार गोष्टी सांगाव्या असें मनांत आहे. त्याची साक्ष कोठपर्यंत घ्यावी आणि कोठें थांबावें, हें न कळल्यामुळें आमच्या हातून एक चूक घडली व तिचा भुर्दंड दुसऱ्यांस पडला. ती सांगितल्यावांचून हा लेख पुरा व्हावयाचा नाहीं.

प्रथम लोणारचें प्रकरण संपवूं. हें सरोवर ज्या विवरांत आहे तें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें व सुमारें १५० मीटर खोल असून, काळ्या कातळावर आकाशांतून आदळलेल्या अशनीच्या आघातानें तें झालें आहे. सन १८२३ मध्यें सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली. पण आघाताचा निर्विवाद पुरावा, म्हणजे त्या प्रचंड दाबानें दगडांतील स्फटिकांची झालेली कांच, १९७३ सालीं शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केला. पाणी खारें तर आहेच, शिवाय त्याचा सामू दहाच्या घरांत आहे. म्हणजे पापडखाराच्या पाण्यासारखा त्याचा गुण. अशा पाण्यांत मासा जगणें कठीण, परंतु सूक्ष्म नीलहरित शेवाळास तें मानवतें, आणि सरोवराचा नेहमींचा हिरवा रंग मुख्यतः त्याचाच.

रंग पालटल्यावर वन खात्यानें पाण्याचे नमुने घेतले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेंही या गोष्टीची दखल घेतली. नागपूरची ‘नीरी’ आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांनीं नमुने तपासले. आघारकर संस्थेच्या शास्त्रज्ञांस त्यांत मिठाच्या पाण्यांत वाढणारे अतिसूक्ष्म जीव मिळाले. त्यांस ‘हॅलोआर्किया’ म्हणतात, आणि गुलाबी रंगद्रव्य हे जीवच तयार करतात. उन्हाळ्याचा ताप, पावसाचा अभाव, बाष्पीभवनानें वाढलेला खारटपणा, यांमुळें त्यांचें फावलें. नमुना स्थिर ठेवला असतां ते तळाशीं बसले आणि वरचें पाणी निवळ दिसूं लागलें. असुराचें रक्त नव्हे, कोणी टाकलेला रंग नव्हे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत लोणारची गणना रामसर करारान्वयें जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली.

हें एकट्या लोणारचेंच वैशिष्ट्य असेंही नाहीं. इराणांतील उर्मिया हें विस्तीर्ण खारें सरोवर २०१६ च्या उन्हाळ्यांत हिरव्याचें तांबडें झालें, तेंही उपग्रहांनीं टिपलें, आणि तेथेंही पाणी आटून खारटपणा वाढल्यावर असलेच सूक्ष्म जीव व त्यांच्यासारखें शेवाळ माजलें होतें. मात्र एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. लोणारचा रंग पालटला हें उपग्रहानें सांगितलें; कां पालटला हें त्यानें सांगितलें नाहीं. तें ज्यांनीं सांगितलें त्यांस कोणीतरी विवरांत उतरून बाटली भरून आणून द्यावी लागली.

आतां, इतक्या उंचीवरून पाण्याची परीक्षा होते तरी कशी? यांत जादू कांहींच नाहीं. आपल्या घरची गृहिणी हंड्यांत डोकावून पाणी गढूळ कीं निवळ हें ओळखते, तीच ही विद्या. फक्त डोळा अधिक बारीक केलेला आहे. सूर्याच्या प्रकाशांत सर्व रंग असतात. निवळ पाणी त्यांतील तांबडा रंग बराचसा गिळतें, आणि तांबड्याच्याही पलीकडचा, आपल्या डोळ्यांस न दिसणारा ‘अवरक्त’ प्रकाश तर जवळजवळ सगळाच गिळून टाकतें. म्हणून खोल व स्वच्छ तळें वरून काळेंभोर दिसतें. पहिल्या पावसाबरोबर नाल्यांची माती आंत आली म्हणजे मातीचे कण प्रकाश परत फेंकतात आणि तळें उजळ, तांबूस दिसूं लागतें. शेवाळ माजलें म्हणजे त्यांतील हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश शोषून घेतें व हिरवा परत पाठवितें. तांबड्या प्रकाशांत ६६५ नॅनोमीटर लहरीच्या आसपास तें प्रकाश खातें, आणि त्याच्याच शेजारीं ७०५ नॅनोमीटरच्या सुमारास शेवाळलेलें पाणी उलट उजळ दिसतें. या दोहोंचें प्रमाण काढलें कीं हरितद्रव्य किती असावें याचा अंदाज येतो. गढूळपणा, हरितद्रव्य, कुजलेल्या पालापाचोळ्याचा चहासारखा रंग, आणि निराळ्या यंत्रानें पृष्ठभागाची उष्णता, एवढीं चार मापें उपग्रहास साधतात.

युरोपांतील राष्ट्रांनीं ‘सेंटिनेल-२’ नांवाची उपग्रहांची जोडी याच कामास लावली आहे. सुमारें ७८६ किलोमीटर उंचीवरून ती जोडी दर पांच दिवसांनीं प्रत्येक गांवावरून जाते, आणि तेरा निरनिराळ्या पट्ट्यांत प्रकाश मोजते. साध्या रंगांच्या चित्रांतील एकेक चौकोन दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद, म्हणजे शंभर चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरांहून किंचित् मोठा. तेव्हां आकाशांतला हा तलाठी आपल्या तळ्याचा गुंठा-गुंठा वेगळा मोजतो असें म्हणण्यास हरकत नाहीं. वर सांगितलेल्या ७०५ च्या पट्ट्यांत मात्र चौकोन वीस मीटरांचा, म्हणजे चार गुंठ्यांचा असतो. ‘लँडसॅट’चा चौकोन तीस मीटरांचा, नऊ गुंठ्यांचा. एकटा ‘लँडसॅट-८’ सोळा दिवसांनीं त्याच जागीं परत येई. २०२१ मध्यें ‘लँडसॅट-९’ सोबतीस आल्यापासून दोघांत मिळून आठ दिवसांचा फेरा पडतो. आपला देशही या विद्येंत मागें नाहीं. १९७९ मध्यें ‘भास्कर’ व १७ मार्च १९८८ रोजीं ‘आय.आर.एस.-१ए’ हे आपले उपग्रह रशियाच्या अग्निबाणांनीं वर गेले, आणि आज त्यांच्या मागून आलेल्या उपग्रहांचा संसार बराच वाढला आहे.

या मापांचा उपयोग कसा होतो याचें एक उदाहरण केरळांतील वेंबनाड सरोवराचें आहे. टाळेबंदीच्या दिवसांत तेथील कारखाने व पर्यटकांच्या नौका थांबल्या होत्या. ‘लँडसॅट-८’ च्या चित्रांवरून एप्रिल २०२० मधील पाणी तपासलें तेव्हां त्यांतील तरंगत्या कणांचें प्रमाण आधींच्या मानानें सरासरीनें सुमारें १६ टक्क्यांनीं उतरलेलें आढळलें. नौका घेऊन नमुने गोळा करण्यास कोणी घराबाहेर पडूं शकत नव्हतें. जुन्या वर्षांचीं चित्रें मात्र संग्रहीं होतीं, म्हणून तुलना झाली. साक्षीदाराचा हा दुसरा मोठा गुण. तो आज काय आहे तेंच सांगतो असें नाहीं. कोणीं विचारलें नव्हतें त्या दिवशींचेंही तो जपून ठेवितो. शिवाय लँडसॅट व सेंटिनेल यांचीं चित्रें कोणासही विनामूल्य पाहतां येतात.

आतां त्याचे दोष. पहिला दोष मेघांचा. आषाढापासून भाद्रपदापर्यंत आपलें आकाश झांकलेलें असतें आणि पाण्यांत सर्व घडामोड त्याच वेळीं चालते. त्या दिवसांत साक्षीदार आंधळा. दुसरा दोष हवेचा. पाण्यावरून परत जाणारा प्रकाश मुळांतच थोडा; उपग्रहाच्या डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशापैकीं बहुतेक भाग मधल्या हवेनें व धुळीनें विखुरलेला असतो, आणि तो गणितानें वजा केल्यावर जें उरेल त्यावर भिस्त. गणित चुकलें कीं निवळ पाणीही मलिन ठरतें. तिसरा दोष उथळपणाचा: तो वरच्या थरापुरतेंच पाहतो.

चौथा दोष सर्वांत मोठा, आणि घरांतील बायकामुलांच्या प्रकृतीशीं त्याचा संबंध आहे. ज्याला रंग नाहीं तें त्याला दिसत नाहीं. पटकीचे जंतु, पाण्यांत विरघळलेलें फ्लोराइड, खतांतून उतरलेलें नायट्रेट, फवारणीचें विष, यांपैकीं कशाचाही पाण्यास रंग येत नाहीं. वरून काळेंभोर दिसणारें पाणी पिण्यास योग्यच असेल असें उपग्रहानें कधींही म्हटलेलें नाहीं. तसें कोणी त्याच्या नांवानें म्हणेल तर तें खोटें समजावें.

याच्या उलट, जेथें दोष रंगानें प्रकट होतो तेथें मात्र ही साक्ष जीव वांचविणारी आहे. अमेरिकेंतील ईरी सरोवराच्या कांठीं टोलेडो नांवाचें शहर आहे. ऑगस्ट २०१४ च्या आरंभीं तेथील नळाच्या पाण्यांत नीलहरित शेवाळाचें विष आढळलें व सुमारें चार-पांच लक्ष लोकांस तें पाणी पिऊं नका असें सांगावें लागलें. त्या सूचनेंत आणखी एक वाक्य होतें, तें आमच्या भगिनींनीं लक्षांत ठेवावें: पाणी उकळूंही नका. आपल्या घरांत, पाणी उकळलें कीं दोष गेला, अशी पक्की समजूत आहे, आणि जंतूंपुरती ती खरीही आहे. परंतु हें विष उकळण्यानें नाहींसें होत नाहीं. पाणी आटेल तसतसें तें अधिक दाट होतें. त्या सरोवरावर शेवाळ कोठें माजत आहे व वाऱ्यानें कोणीकडे सरकत आहे, याचा अंदाज तेथें उपग्रहांच्या चित्रांवरून प्रसिद्ध केला जातो. आपल्याकडेही गांवोगांवचें सांडपाणी तळ्यांत व धरणांत उतरतें आहे, आणि उन्हाळ्यांत हिरवें होणारें पाणी पाहण्यास फार दूर जावें लागत नाहीं.

येथवर विद्येची गोष्ट झाली. आतां आमच्या चुकीची.

सन २०२२ च्या आश्विनांत आमची नववींत शिकणारी नात सुटीच्या दिवशीं संगणकावर तीं चित्रें उघडून बसली होती. आमच्या तालुक्यांतील एका गांवतळ्याचें चित्र तिनें आम्हांस दाखविलें. पावसाळ्यानंतरचें निरभ्र आकाश, आणि तळ्याचा अर्ध्याहून अधिक भाग हिरवागार. आम्हीं तेव्हां नुकतेंच टोलेडोचें प्रकरण वाचलें होतें. “आजोबा, हें शेवाळच असेल का?” असें तिनें विचारलें, आणि आम्हीं, गुरुजींस शोभेल अशा थाटांत, “दुसरें काय असणार?” असें उत्तर दिलें. त्याच संध्याकाळीं देवळांत कीर्तनास जमलेल्या मंडळींस आम्हीं सांगितलें कीं, त्या तळ्याचें पाणी विषारी शेवाळानें भरलें आहे. तेथील कांहीं खाऊं नये. नवरात्र चालू होतें. उपवासास शिंगाडे आणावयाचे ते त्याच तळ्यांतून येत.

दोन बाजार गेले. तिसऱ्या दिवशीं सकाळीं एक वृद्ध गृहस्थ आमच्या दारीं आले. ते भोई समाजाचे. त्यांचीं चार कुटुंबें तें तळें ठेक्यानें घेऊन त्यांत मासे व शिंगाडे काढतात. ओसरीच्या पायरीवर बसून ते शांतपणें म्हणाले, “गुरुजी, थे शेवाळ नोहे. शिंगाड्याचा येल हाय. आमी मिरगात लावला. तुमी एकडाव येऊन पाहाले पाहिजे होतं.” दोन बाजारांत त्यांच्या टोपल्या भरलेल्या परत गेल्या होत्या.

आम्ही त्यांच्याबरोबर तळ्यावर गेलों. पाण्यावर शिंगाड्याचीं पानें चक्राकार पसरलेलीं होतीं, त्यांच्या खालीं टपोरीं फळें, आणि मधल्या मोकळ्या जागेंतलें पाणी असें कीं, हात घातला तर बोटें मोजतां यावीं. घरीं परत येतांना आम्हांस आमच्याच विद्येची लाज वाटली. तर्कशास्त्र शिकणाऱ्यास डोंगरावरील धुराचा दृष्टांत आरंभींच भेटतो. धूर दिसला तर अग्नि आहे असें अनुमान खरें, कारण अग्नीवांचून धूर असत नाहीं. परंतु जी खूण साध्य असेल तेथेंही आढळते व नसेल तेथेंही आढळते, ती खूण नव्हे. तो सव्यभिचार हेत्वाभास. “हिरवें आहे म्हणून शेवाळ आहे” हें आमचें अनुमान त्याच जातीचें. हिरवेपणा शेवाळांत आहे, शिंगाड्याच्या वेलांत आहे, जलपर्णींतही आहे. अवरक्त चित्रांतसुद्धां तरंगत्या पानांची चमक आणि दाट शेवाळाच्या सायीची चमक बरीचशी सारखी दिसते. विद्यार्थ्यांस हा हेत्वाभास आम्हीं किती वेळां समजावून दिला असेल! उपग्रहाची चूक यांत तिळमात्र नव्हती. त्यानें हिरवें दाखविलें तें हिरवेंच होतें. पुढचें वाक्य आमचें होतें.

त्या रात्रीं आम्हीं देवळांत उभें राहून झालें तें सर्व सांगितलें व सर्वांसमक्ष त्या वृद्ध गृहस्थांची क्षमा मागितली. दसऱ्यापर्यंत घरोघर शिंगाडे पुन्हां येऊं लागले. परंतु त्या दोन बाजारांचें नुकसान भरून आलें नाहीं, आणि आमच्याकडून पैसे घेण्यास त्यांनीं साफ नाकारलें. त्यांनीं मागितलें तें निराळेंच. ते म्हणाले, “वरून जे दिसते थे आमालेबी दाखवत जा.”

तेव्हांपासून एक वही चालू आहे. इटलींतील अँजेलो सेकी नांवाच्या ज्योतिर्विद धर्मगुरूंनीं १८६५ सालीं भूमध्य समुद्रांत पांढरी तबकडी दोरीनें सोडून, ती किती खोलीवर दिसेनाशी होते यावरून पाण्याचा निवळपणा मोजला. आजही जगभर सरोवरांवर तीच तबकडी वापरतात. आम्हीं तिच्या जागीं एनॅमलची पांढरी ताटली घेतली, खालीं दगड बांधला आणि दोरीस वीत-वीत अंतरावर गांठी मारल्या. ते वृद्ध गृहस्थ डोंग्यांतून ताटली सोडतात, गांठी मोजून मोठ्यानें सांगतात, आणि नात कांठावर बसून लिहिते: तारीख, वेळ, गांठी, पाण्याचा रंग, वास, वेल आहे कीं नाहीं, आभाळ कसें आहे. उपग्रह सकाळीं साडेदहा-अकराच्या सुमारास, आमच्या वेळच्या शाळेची घंटा होई त्या वेळीं जातो, म्हणून मापही त्याच वेळीं घ्यावयाचें. तो पांच दिवसांनीं येतो, रविवार सात दिवसांनीं येतो. पांच व सात यांचा लसावि पस्तीस. तेव्हां नातीची हजेरी पस्तीस दिवसांतून एकदां. मधल्या फेऱ्यांच्या गांठी ते स्वतः मोजतात आणि भ्रमणध्वनीवरून कळवितात.

या वहीनें आम्हांस शिकविलें तें असें. भाद्रपदांत ताटली पहिल्या-दुसऱ्या गांठीलाच नाहींशी होते व पुढें जें पहिलें निरभ्र चित्र मिळतें त्यांतही तळें तांबूस असतें. पौषांत ताटली पुष्कळ खोल जाते, व चित्र काळें. वेल काढल्यानंतर चित्रांतला हिरवा रंग जातो. ही संगति पांच-सहा महिने जुळल्यावरच आम्ही चित्रावर विश्वास टाकूं लागलों, आणि तोही या एका तळ्यापुरता.

मग २०२३ च्या वैशाखांत एक गोष्ट जुळेना. वेल केव्हांच काढला होता, परंतु एका कोपऱ्यांत चार-सहा गुंठ्यांचा हिरवा डाग पुढच्या पुढच्या चित्रांत तसाच राहिला. या वेळीं आम्हीं देवळांत तोंड उघडलें नाहीं. आम्ही तिघे तेथें गेलों. वस्तीचें सांडपाणी ज्या नालीनें येतें ती तेथें तळ्यास मिळते. पाण्यावर हिरव्या रंगाची साय धरलेली, वास उग्र, आणि गुरांची पाणी पिण्याची उतरण अगदी लागून. ताटली पहिल्या गांठीपूर्वींच दिसेनाशी झाली. वही, चित्रें आणि बाटलींतला नमुना घेऊन आम्ही गांवच्या कारभाऱ्यांकडे गेलों. नमुना तपासणीस गेला. पाणी माणसांस व जनावरांस अपायकारक ठरलें. गुरांची उतरण दुसऱ्या कांठीं हलविली गेली. नाली मात्र अद्याप तेथेंच पडते. तिचें तोंड फिरविण्यास पैसा लागतो आणि पैशास मंजुरी लागते. तें काम चित्रानें होत नाहीं व ताटलीनेंही होत नाहीं. आम्ही दर सहा महिन्यांनीं वहीची नक्कल करून अर्जास जोडतों. तारखा असल्यामुळें अर्ज पूर्वींइतका सहज बाजूस सारतां येत नाहीं, एवढा फरक पडला आहे.

आपल्या भाषेंत ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणतात. दुरून पाहणाऱ्यास डोंगर साजरा दिसतो तसें तळें कधीं भेसूरही दिसतें. दोन्ही वेळां जवळ जाणें चुकत नाहीं. साक्षी या शब्दाचा अर्थच मुळीं प्रत्यक्ष पाहणारा असा आहे, न्याय देणारा असा नव्हे. आकाशांतला साक्षी कोठें पाहावें हें सांगतो व केव्हां बदललें हें सांगतो. काय बदललें, कां बदललें, आणि त्यानें कोणाच्या पोटावर पाय येतो, हें कांठावर गेल्यावांचून कळत नाहीं. ज्यांच्या घराजवळ तळें आहे त्यांस एक पांढरी ताटली, एक दोरी आणि एक वही फार जड नाहीं. त्याहून जड गोष्ट एकच, आणि ती आम्हांस साठी उलटल्यावर शिकावी लागली: चित्र पाहिल्यावर, तळ्यावर जाऊन येईपर्यंत, गप्प बसणें.

येत्या नवरात्रांतही आमच्या घरीं शिंगाडे त्याच तळ्याचे येतील. ते आणून देणारे गृहस्थ आल्याबरोबर वही मागतील आणि शेवटच्या पानावर त्यांच्या गांठी नातीनें बरोबर लिहिल्या आहेत कीं नाहींत, हें तिच्याकडून वाचवून घेतील. तोंवर चहा होतो.